नजरकैद : ‘दो आँखें बारह हाथ’ आणि तुरुंगपटाची भाषा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात मुंबईस निघालेल्या हिंदी चित्रपटांची नुसती नावे डोळ्यांखालून घातली तरी एक गोष्ट ध्यानात येते. ‘बाज़ी’ (१९५१), ‘सज़ा’ (१९५१), ‘जाल’ (१९५२), ‘सी. आय. डी.’ (१९५६), ‘काला पानी’ (१९५८), ‘जेलर’ (१९५८) या नावांत गुन्हा आहे, शिक्षा आहे, सापळा आहे, अधिकारी आहे, शिक्षा भोगण्याची जागा आहे; परंतु ज्याने गुन्हा केला तो माणूस मात्र नामरूपाने कोठेच नाही. भाववाचक नाम, स्थळनाम किंवा हुद्द्याचे नाम एवढ्यावरच शीर्षकाचा निर्वाह झालेला आहे. त्याला ‘आवारा’ (१९५१) हा एक अपवाद. पण तेथेही शब्द मूळचा विशेषण आहे, आणि विशेषण हे नेहमी दुसऱ्याने लावलेले असते.

या मालिकेत १९५७ साली राजकमल कलामंदिराने काढलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला आणि ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट वेगळा उठून दिसतो, आणि तो वेगळा आहे असेच आजवरच्या समीक्षेने मानले आहे. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि शाळाशाळांतून म्हटल्या जाणाऱ्या त्यातील प्रार्थनेमुळे तो चित्रपट न पाहिलेल्यांच्याही तोंडी राहिला. खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना घेऊन आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी एका उजाड रानात जातो. श्रमाने आणि ममतेने त्यांना माणसांत आणतो. त्या रानात पीक उभे राहते. आणि बाजारावर पकड असलेल्या एका व्यापाऱ्याच्या हस्तकांकडून शेवटी त्याचा अंत होतो. या कथेविषयी ‘मानवतावादी’ हे विशेषण इतक्या वेळा वापरले गेले आहे की त्या विशेषणाची परीक्षा करण्याची गरज कोणास वाटली नाही. ती परीक्षा येथे भाषेच्या अंगाने करावयाची आहे. कारण हा चित्रपट ज्या भाषेतून जन्मला आणि ज्या भाषेत बोलला त्या दोन भाषा एक नाहीत, आणि या अंतरात त्याचे पुष्कळसे गुणदोष दडलेले आहेत.

प्रथम शीर्षकच घ्यावे. दोन संख्यावाचक विशेषणे, दोन अवयववाचक नामे. मध्ये उभयान्वयी अव्यय नाही, क्रियापद नाही, आणि या अवयवांचा मालक सांगणारी षष्ठीही नाही. अवयवावरून अवयवीचा बोध करून देणारी ही लक्षणा आहे हे सांगावयास अलंकारशास्त्राची गरज नाही. परंतु व्याकरणाची मात्र येथे मदत होते. पाणिनीने प्राण्यांच्या अवयवांच्या द्वंद्वाला एकवचनी समाहाररूप सांगितले आहे. ‘पाणिपादम्’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. हात आणि पाय वेगवेगळे असले तरी देह एक, म्हणून वचन एक, असा त्यामागचा न्याय. ‘दो आँखें बारह हाथ’ या शब्दबंधात समास नाही हे खरे. पण जोडशब्द गाळून अवयव शेजारीशेजारी ठेवल्याने मनावर उमटतो तो परिणाम समाहाराचाच आहे. चौदा अवयवांचा एकच एक देह डोळ्यांसमोर उभा राहतो. वस्तुतः माणसे सात आहेत. त्या सातांपैकी एकाला फक्त डोळे आहेत आणि सहांना फक्त हात आहेत. पाहण्याचे काम एकाचे, करण्याचे काम बाकीच्यांचे. देहाच्या रूपकाने समाजाची वाटणी करण्याची आपल्याकडील जुनी खोड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शीर्षकाने थोडे अस्वस्थ व्हावयास हरकत नाही.

हिंदीत ‘आँख’ स्त्रीलिंगी आणि ‘हाथ’ पुल्लिंगी, तर मराठीत ‘डोळा’ आणि ‘हात’ हे दोन्ही पुल्लिंगी, असाही एक भेद दाखविता येईल. पण त्यावर इमला उभारणे हे व्याकरणाचा छंद लागलेल्यांचे काम आहे. त्यापेक्षा त्या दोन अवयवांभोवती मराठीत जमलेले वाक्प्रचार अधिक बोलके आहेत. हात मारणे म्हणजे चोरणे, हात उचलणे म्हणजे मारणे, हात देणे म्हणजे साहाय्य करणे, हात टेकणे म्हणजे हार खाणे. गुन्हा, श्रम, उपकार आणि पराभव या चारही गोष्टी हाताकडे आहेत. हात हा नैतिकदृष्ट्या अनिश्चित अवयव आहे. तो कोणत्याही बाजूस वळू शकतो, आणि म्हणून सुधारणेची कथा हाताची असू शकते. डोळ्याचे तसे नाही. डोळे वटारणे, डोळ्यांत तेल घालणे, एखाद्या वस्तूवर डोळा असणे, डोळ्याआड होऊ न देणे : येथे धाक आहे, पहारा आहे, लोभ आहे. ममतेचे अर्थही आहेतच, पण सत्तेचे अर्थ त्यांहून जुने आणि बळकट. या सर्व अर्थांना एका शब्दात गोळा करणारा मराठीतला शब्द म्हणजे ‘नजरकैद’. त्यातील दोन्ही पदे मूळची अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली. राजकीय बंदिवानाला कोठडीत न घालता पहाऱ्याखाली मोकळे ठेवणे हा त्याचा व्यवहारातील अर्थ. कुलूप नसलेल्या जागी केवळ एका माणसाच्या नजरेने सहा माणसे बांधून ठेवणारा आदिनाथ जे करतो त्याला याहून नेमका शब्द नाही. चित्रपटाला तो शब्द सुचला नाही. सुचला असता तर कदाचित चित्रपट आपल्याच कल्पनेकडे अधिक सावधपणे पाहता.

आता ही कल्पना आली कोठून, हे पाहणे आवश्यक आहे. कारण ती केवळ कल्पना नव्हती. औंध संस्थानात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची खटपट होती, आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा उत्साह होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. तिला भिंती नव्हत्या. कैद्यांनी तेथे शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि शिक्षेची मुदत माणसासारखी काढावी, अशी योजना होती. तिचे नाव ठेवले ‘स्वतंत्रपूर’. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले, आटपाडी पुढे सांगली जिल्ह्यात आली. वसाहत मात्र टिकली. माडगूळकर याच मुलखातले. माडगुळे हे त्यांचे गाव आटपाडी तालुक्यातले, आणि औंधशी त्यांचा विद्यार्थिदशेपासूनचा संबंध. त्यांच्या धाकट्या बंधूंनी, व्यंकटेश माडगूळकरांनी, याच औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर ‘बनगरवाडी’ लिहिली, ती १९५५ साली, म्हणजे प्रस्तुत चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी. एकाच घरातून, एकाच मातीतून दोन कृती निघाल्या. एकीने आपले गाव, आपली बोली, आपली माणसे यांसह मराठी गद्यात पाऊल टाकले. दुसरीने ती सर्व मागे ठेवून हिंदीच्या अखिल भारतीय रानात प्रवेश केला.

‘स्वतंत्रपूर’ या नावाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘स्वातंत्र्यपूर’ असे भाववाचक नामावरून नाव पडले असते तर तो एक आदर्श झाला असता. ‘स्वतंत्र’ हे विशेषण असून त्यापुढे विशेष्य म्हणून माणूसच अध्याहृत धरावा लागतो. स्वतंत्रांचे पूर. ज्यांच्या पायात काल बेडी होती त्यांना नावातच स्वतंत्र म्हटले आहे, आणि तेही अनेकवचनाने. संस्थानी कारभाराने दिलेले हे नाव चित्रपटाच्या शीर्षकाहून व्याकरणदृष्ट्या अधिक उदार आहे. पुढे शासनव्यवहाराने अशा संस्थांना ‘खुले कारागृह’ म्हटले. ‘कारा’ म्हणजेच बंधन. तेव्हा बंधनाचे घर, पण खुले! पोर्तुगीज ‘त्रोंको’पासून आलेल्या ‘तुरुंग’ या शब्दात निदान अशी विसंगती तरी नव्हती.

नावाप्रमाणेच वस्तूचेही झाले आहे. स्वतंत्रपुरात कैद्याची बायकापोरे आहेत. चित्रपटातील सहा पुरुष एकटे आहेत. स्वतंत्रपूर ही एका राज्याने केलेली व्यवस्था आहे, तिला नियम आहेत, आणि म्हणूनच ती व्यक्तींच्या पश्चात चालू राहिली. चित्रपटातील व्यवस्था एका माणसाच्या डोळ्यांत आहे, आणि तो माणूस मेला की पेच पडतो. तो पेच चित्रपटाने नजर मागे उरते असे सुचवून सोडविला आहे. म्हणजे मृत्यूनंतरही पहारा चालूच. यास कोणी अंतःकरणशुद्धी म्हणेल. पण कैद्याला स्वतःचे डोळे येणे ही अंतःकरणशुद्धीची खरी खूण मानावयास हवी होती, आणि ते डोळे शीर्षकात मोजलेले नाहीत.

कुटुंबाच्या जागी आलेली एकटी स्त्री म्हणजे खेळणी विकणारी चंपा. संध्याबाईंच्या अभिनयात चैतन्य आहे, वसंत देसाईंच्या संगीतात गोडवा आहे, पण ही व्यक्तिरेखा कथेला हवी म्हणून आलेली नसून सहा दाढीवाल्या पुरुषांच्या करड्या चित्राला रंग हवा म्हणून आली आहे, हे लपत नाही. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

भाषेचा प्रश्न मात्र येथे अधिक खोल जातो. मराठीत ‘गुन्हा’ आणि ‘पाप’ हे दोन वेगळे व्यवहार आहेत. गुन्हा दाखल होतो, त्याची नोंद होते, तो शाबीत होतो; पाप घडते, त्याचे प्रायश्चित्त असते. मूळ फारसी शब्दाचा अर्थ पापाकडे झुकणारा असला तरी मराठीने त्याला कचेरीत बसविले. हिंदीत कायद्याच्या अंगाने ‘जुर्म’ आणि ‘अपराध’ असल्यामुळे ‘गुनाह’ हा शब्द मोकळा राहिला आणि त्याने पापाची छटा टिकविली. तसेच ‘खून’. मराठीत खून म्हणजे केवळ हत्या. रक्ताला रक्त हाच शब्द. हिंदीत एकाच शब्दात रक्तही आहे आणि हत्याही आहे, म्हणून हाताला लागलेला डाग हा हिंदी संवादाला आयता मिळतो. मराठीत त्यासाठी दोन शब्द आणि एक उपमा खर्ची घालावी लागते. या दोन शब्दांनी काय साधले हे उघड आहे. आटपाडीत जी कारभाराची, शेताची, पाण्याची आणि पोटगीची बाब होती, ती हिंदीत येताच पाप, डाग आणि शुद्धी यांची बाब झाली. ती अधिक काव्यमय झाली यात शंका नाही. अधिक खरी झाली असे म्हणवत नाही.

या ठिकाणी त्याच दशकातील ‘आवारा’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. ख्वाजा अहमद अब्बास आणि व. प. साठे यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटात न्यायाधीश रघुनाथ असे मानतो की चोराचा मुलगा चोरच निपजतो. आणि कथा त्याच्याच घरात त्याचे मत खोटे पाडते. हा वाद पडद्यावर चालू असताना या देशात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा सर्वत्र रद्द झालेला नव्हता. तो १९५२ साली गेला. सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत होती. ‘आवारा’ने न्यायाधीशाच्या मुलावर प्रयोग करून रक्ताचा सिद्धांत मोडला, ज्याच्यावर तो सिद्धांत खरोखर लादलेला होता त्या माणसाला मात्र, म्हणजे जग्गाला, त्याने खलनायकच ठेवले. तरीही प्रश्न विचारला गेला. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये सहा खुनी कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, त्यांनी ज्यांना मारले त्यांची घरे कशी चालली, यांपैकी कशालाच वजन नाही. ते ‘खुनी’ आहेत. एवढ्याने भागते.

कोल्हापूरच्या वाचकाला येथे ‘हजेरी’ हा शब्द आठवला तर नवल नाही. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज सरकारी माणसासमोर उभे राहून आपण गावातच आहोत हे दाखवावे लागे. ती पद्धत राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ साली बंद केली. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील, आणि वेदगंगेच्या खोऱ्यातील मुरगूड हे याच कागल जहागिरीतले गाव. ‘हजेरी’ या शब्दाचा शाळेतला अर्थ आज सौम्य झाला असला, तरी ‘हजेरी घेणे’ या वाक्प्रचारात जुना दंश अजून आहे. सत्तेच्या डोळ्यासमोर देह मोजून देणे हा त्याचा गाभा. शाहू महाराजांनी जी नजर काढून घेतली तीच नजर चार दशकांनी, त्यांच्याच राजधानीत १९०१ साली जन्मलेल्या एका कलावंताने मुक्तीचे साधन म्हणून पडद्यावर आणावी, ही घटना विचार करण्यासारखी आहे. हेतूत दोष नाही. प्रतिमेच्या पूर्वेतिहासाचे विस्मरण मात्र आहे.

शांताराम यांच्या बाबतीत हे विस्मरण अधिक जाणवते, कारण ते गुन्हेगाराकडे प्रथमच वळत नव्हते. ‘प्रभात’मध्ये असताना १९३९ साली त्यांनी ‘माणूस’ काढला. हिंदीत त्याचे नाव ‘आदमी’. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही बदनाम वस्तीतील स्त्री. मैनेच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते, आणि सुटकेचा हात पुढे झाला असता तो नाकारते. तिचा निर्णय तिचा आहे. कायद्याचा माणूस तेथे उद्धारक होऊ पाहतो आणि अपुरा पडतो. मैनेच्या तोंडी अनेक भाषांतून फिरणारे एक गाणे आहे. ते ऐकताना गुन्ह्याची वस्ती ही मुंबईत भाषाभाषांच्या भेटीची जागा कशी होती हे सहज उमगते. आणि शीर्षक? एक सामान्यनाम, एकवचन, विशेषणरहित : माणूस. अठरा वर्षांनी तोच दिग्दर्शक माणसाचे डोळे आणि हात वेगळे करून मोजू लागला. या दोन शीर्षकांतील अंतर हाच शांताराम यांच्या कलाप्रवासावरील सर्वांत नेमका अभिप्राय ठरावा. ‘माणूस’ दोन भाषांत घडला होता, आणि मराठी रूप हाताशी असल्यामुळे हिंदी रूपालाही गाव होते. १९५७ साली ती जोड उरली नव्हती.

तुलनेसाठी एक परकीय उदाहरण पुरेसे आहे. रोबेर ब्रेसों या फ्रेंच दिग्दर्शकाचा ल्याँ येथील मोंल्यूक तुरुंगातून पळणाऱ्या कैद्यावरील चित्रपट १९५६ चा, म्हणजे एकच वर्ष आधीचा. तोही हातांचा चित्रपट आहे. चमचा घासणारे, लाकूड पोखरणारे, चिंध्यांची दोरी वळणारे हात पडद्यावर पुन्हा पुन्हा येतात. पण ते हात ज्याचे, डोळेही त्याचेच. श्रम आणि दृष्टी एका देहात आहेत, म्हणून तेथे कैदी हा कर्ता आहे. शांताराम यांच्या चित्रपटात तो करण आहे. कर्ता आणि करण यांतील हा भेद कारकविचार शिकलेल्या विद्यार्थ्यास अधिक फोड करून सांगावयास नको. खुद्द हिंदीतही १९६३ साली बिमल रॉय यांनी ‘बंदिनी’मध्ये हे कर्तृत्व एका स्त्रीकैद्याला दिले, आणि तिचे शीर्षक व्यक्तिवाचक आहे हा निव्वळ योगायोग नसावा. ती कथा बंगालीत ‘जरासंध’ या नावाने लिहिणाऱ्या एका तुरुंगाधिकाऱ्याच्या लेखणीतून आलेली. अधिकाऱ्याने लिहिले आणि डोळे कैद्याला दिले. येथे कलावंताने लिहिले आणि डोळे अधिकाऱ्याला.

(तुरुंग आणि पडदा यांचे नाते किती विलक्षण होते याचे उदाहरण म्हणून बलराज साहनींचे सांगता येईल. ‘हलचल’, १९५१, या चित्रपटात ते तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका करीत होते आणि स्वतः त्या वेळी राजकीय कैदी होते. चित्रीकरणापुरते बाहेर येत. अधिकाऱ्याचे डोळे आणि कैद्याचे हात एका देहात आल्याचे हे दुर्मीळ दृश्य होय.)

आदिनाथाची भूमिका शांताराम यांनी स्वतः केली, आणि अखेरच्या बैलाच्या झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या अनुभवातून पुढे ‘नवरंग’ (१९५९) आला. चरित्रकारांना हा प्रसंग प्रिय आहे. समीक्षेला त्यातून एवढेच घेता येते की या चित्रपटात तुरुंगाधिकाऱ्याची नजर, नटाची नजर आणि दिग्दर्शकाची नजर एकच झाली आहे, आणि म्हणून तिला आव्हान देणारे कोणी आत उरलेले नाही.

चित्रपटाचे बळ कोठे आहे, हेही सांगितले पाहिजे. ते बाजारात आहे. सहा खुनी भाजी पिकवितात, ती वाजवी दराने विकावयास नेतात, आणि त्या क्षणी बाजारावर पकड ठेवणारा व्यापारी त्यांचा वैरी होतो. तुरुंगाच्या आत असलेला गुन्हा येथे एकाएकी तुरुंगाबाहेर, तागडीच्या मागे दिसू लागतो. या वळणात जुने कोल्हापूर बोलते आहे. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) सावकाराने नाडलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका याच शांताराम यांनी केली होती. अडत, दलाली, तोलाई या शब्दांची धार ज्याने अनुभवली आहे अशा कागल, मुरगूड, गारगोटीकडील प्रेक्षकाला पुढील झुंजीपेक्षा हा बाजारच अधिक खरा वाटेल, आणि त्याचे वाटणे योग्य आहे.

परंतु याच ठिकाणी हिंदीने काय गमावले तेही दिसते. मुरगूडच्या बाजारात अनोळखी विक्रेत्यापुढे उभी राहिलेली बाई त्याला ‘मामा’ म्हणेल, अनोळखी पुरुष त्याला ‘पावणं’ म्हणेल : “ओ पावणं, वांगी कशी दिली?” विचारणाऱ्याने समोरच्याची शिक्षा विचारलेली नसते, जात विचारलेली नसते. पाहुणा हा शब्द या बोलीत परक्याला दिलेले पहिले नाव आहे, आणि ते नाव दिल्याबरोबर परका नात्याच्या कक्षेत येतो. तुरुंगातून आलेल्या माणसाला समाजाने परत घेणे म्हणजे काय, हे दाखविण्यास एवढे एक संबोधन पुरले असते. त्यासाठी पहारा नको, प्रार्थना नको, बैलाशी झुंजही नको. माणदेशी बोली रक्तात असलेल्या माडगूळकरांना हे माहीत नव्हते असे कोण म्हणेल? पण ज्या हिंदीत हा चित्रपट बोलतो तिला गाव नाही. तिच्यात सहा कैद्यांना संबोधणारे फक्त दोघेतिघे आहेत. रस्त्यावरून जाणारा, ओळख नसताना नाते जोडणारा तिसरा माणूस तिच्यात नाही. म्हणून ते सहाजण शेवटपर्यंत आदिनाथाचेच राहतात, कोणत्याही गावाचे होत नाहीत.

आटपाडीच्या वसाहतीत कैद्याची बायको घरासमोर भाकरी थापते, मूल शाळेत जाते, आणि शाळेच्या पटावर त्या मुलाचे नाव बापाच्या नावासह लिहिले जाते. त्या पटावर बापाचा गुन्हा लिहिण्यासाठी रकाना नसतो.